वसई नीट बघायची असेल तर आधी चर्चगेटला उतरा

पहिल्यांदा वसईला गेले तेव्हा कॉलेजात होते. किल्ल्यात तीन तास फिरलो, साठ-सत्तर फोटो काढले, वडापाव खाल्ला आणि घरी आलो, आईने विचारलं काय काय बघितलंस तर माझ्या तोंडून निघालं, "भिंती." खोटं नव्हतं. छप्पर उडालेल्या, पिंपळ उगवलेल्या भिंती, कुठली कशाची काही पत्ता नाही. पुढे ऑफिसात वसईच्या गिरीज गावची एक मैत्रीण मिळाली आणि तिच्यामुळे गेल्या सात-आठ वर्षांत इतक्या खेपा झाल्या की आता ओळखीतले लोक वसईचा प्लॅन करायच्या आधी मला फोन करतात, गोरेगावातून जायचं कसं, किती वेळ लागतो, लहान पोरं न्यायची का, सगळं. दरवेळी तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाच लिहून टाकते.

तर पहिली गोष्ट जरा विचित्र वाटेल. वसईला जायच्या आधी एखाद्या शनिवारी बरोबर उलट दिशेला जा, चर्चगेटला उतरा आणि चालत काळा घोड्याच्या म्युझियमला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जा. का, तर वसईच्या बऱ्याच चांगल्या वस्तू वसईत राहिलेल्याच नाहीत. नालासोपारा, जिथे ट्रेनमध्ये चढताना आपण जीव मुठीत धरतो तेच, हे जुनं शूर्पारक बंदर, आणि तिथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे दोन तुकडे मिळालेत. एक १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला, दुसरा १९५६ मध्ये भुईगावला. अशोकाने चौदा लेखांचा एक संच ठिकठिकाणी कोरून घेतला होता, त्यातला सोपाऱ्याचा पहिला तुकडा आठव्या लेखाचा आणि दुसरा नवव्याचा. दोन्ही तुकडे या म्युझियमकडे आहेत. ब्राह्मी अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत पण लेखात काय आहे ते माहीत असलं ना की त्या दगडापुढून पाय निघत नाही. आठव्यात राजा म्हणतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जायचे, शिकार वगैरे, मजा करायचे, मी आता धर्मयात्रा करतो, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटतो, गावोगावच्या लोकांशी बोलतो. म्हणजे पिकनिकला जाऊ नका, नीट फिरा, असं बावीसशे वर्षांपूर्वी सोपाऱ्यात दगडावर लिहून ठेवलेलं. नववा लेख तर अजून भारी, आजारपण, लग्न, बाळंतपण आणि प्रवासाला निघताना लोक जे नाना विधी करतात त्यांना त्यात टोमणा आहे. बायका जरा जास्तच करतात असंही म्हटलंय त्यात, ते मी सोडून देते.

सोपाऱ्याचा स्तूप खणताना त्याच भगवानलालांना एक दगडी पेटी मिळाली होती. तिच्यात एकात एक घातलेल्या डब्या, सगळ्यात आतली सोन्याची, आणि त्या सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपून ठेवलेले. भोवती आठ छोट्या ब्राँझच्या मूर्ती, सात बुद्धांच्या आणि एक मैत्रेयाची. हे सगळं एशियाटिक सोसायटीकडे, म्हणजे हॉर्निमन सर्कलच्या टाऊन हॉलमध्ये गेलं. ज्या पायऱ्यांवर आपण सगळे फोटो काढतो ना, त्याच इमारतीत.

किल्ल्याचंही तसंच. हा पोर्तुगीजांचा किल्ला, त्यातल्या चर्चच्या मनोऱ्यांत ज्या मोठाल्या घंटा होत्या त्या १७३९ मध्ये किल्ला जिंकल्यावर मराठे घेऊन गेले आणि त्यातल्या काही आज देवळांत वाजतायत, एक भीमाशंकरला, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे. आणि गोव्याला बॉम जीझसपुढे सेल्फी घेतलेली असेल तर तुम्ही वसईचा दगड आधीच बघितलाय, त्या चर्चच्या दर्शनी भागाचा दगड वसईहून नेलेला. एवढं डोक्यात घेऊन वसईत उतरलं की मग रिकाम्या मनोऱ्याकडे बघताना तो का रिकामा ते कळतं.

आता प्लॅन. लोकांची मुख्य चूक म्हणजे सकाळी किल्ला, दुपारी बीच, संध्याकाळी तुंगारेश्वर असं सगळं एका रविवारी कोंबतात आणि मग अर्धा दिवस रिक्षात जातो. वसई हे एक गाव नाहीये, स्टेशनजवळच्या टॉवरांचं शहर वेगळं, जुनं वसईगाव वेगळं, आणि पश्चिमेला समुद्रापर्यंत वाड्यांची गावं आहेत ती अजून वेगळी. त्यामुळे सरळ दोन खेपा करा, एक किल्ला-कोळीवाडा-वाड्यांची, दुसरी सोपारा-निर्मळ-अर्नाळ्याची. तुंगारेश्वर जमलं तर तिसरी.

जायचं कसं. वेस्टर्नची विरार किंवा वसईपर्यंतची कुठलीही ट्रेन, उतरायचं वसई रोडला. सकाळी विरारकडे जाणारी गाडी रिकामी असते आणि संध्याकाळी चर्चगेटकडे येणारी, म्हणजे वीकडेला सुट्टी टाकून गेलात तर तुम्ही गर्दीच्या उलटे जाताय, दोन्ही वेळेला बसायला मिळतं. रविवारी जाणार असाल तर आदल्या रात्री जम्बोब्लॉक कुठे आहे ते बघून ठेवा. एकदा आम्ही न बघता निघालो होतो, सोबत सासूबाई आणि तीन डबे, बोरीवलीच्या प्लॅटफॉर्मवरच एक डबा संपला. खिडकी डावीकडची पकडा. भाईंदर सोडलं की खाडीचा पूल लागतो, मधे पाणजू बेट, आणि पुढे नायगावच्या बाजूला मिठागरं, उन्हात पांढरे ढीग दिसतात. या खाडीवरूनच चिमाजीअप्पांचं सैन्य आणि पोर्तुगीजांच्या होड्या यांची झुंज चालायची हे लक्षात ठेवा म्हणजे फोन खिशात जाईल.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो बोट सुरू झालीय. भाईंदर वेस्टच्या जेट्टीवरून चढायचं, स्कूटर बाइक कार काहीही घेऊन जाता येतं, नुसतं चालतही चढता येतं, आणि थोड्या वेळात तुम्ही थेट किल्ल्याच्या जेट्टीवर. पोर्तुगीज जसे पाण्याकडून किल्ल्यात यायचे तसंच आपणही, हा भाग ट्रेन आणि रिक्षाने जाणाऱ्यांना मिळतच नाही. टाइमटेबल मात्र त्याच दिवशीचं बघा, भरती-ओहोटीचा प्रश्न असतो.

ट्रेनने आलात तर स्टेशनपासून किल्ला सहा-सात किलोमीटर आहे. वेस्टला बाहेर पडलं की बस मिळते, शेअर रिक्षाही मिळते. रिक्षावाल्याला नुसतं "किल्ला" सांगू नका, एकाने आम्हाला तटाबाहेर उतरवून दिलं होतं आणि वर म्हणाला हाच किल्ला, आत काय नाय. "किल्ल्यात, चिमाजीअप्पांच्या स्मारकापाशी" असं सांगा.

किल्ल्यात शिरलात की आधी एक गोष्ट समजून घ्या, हा डोंगरी किल्ला नाही, हे तटबंदीच्या आतलं अख्खं शहर होतं. घरं, बाजार, दवाखाना, मठ, कॉलेज, सगळं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला, त्यात मुंबईची बेटंही होती. म्हणजे वसई राजधानी आणि मुंबई तिच्या हाताखालचं एक किरकोळ ठाणं. पुढे १६६१ मध्ये पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली, पण आमचं गोरेगाव, मालाड, बोरीवली साष्टी बेटात, ते वसईकडेच राहिलं, मराठ्यांनी १७३७ ला साष्टी घेईपर्यंत. वसईकर आम्हाला मुंबईवाले म्हणून चिडवतात तेव्हा मी हे ऐकवते.

फिरायचा माझा क्रम असा. चिमाजीअप्पांच्या स्मारकापासून सुरुवात, तिथून नागेश्वराचं देऊळ आणि वज्रेश्वरीचं देऊळ, ही दोन्ही जिवंत देवळं आहेत, पूजा चालते, मग बालेकिल्ला. बालेकिल्ल्याच्या दरवाज्यावर मान वर करून बघा, दगडात पोर्तुगालचं राजचिन्ह कोरलंय आणि शेजारी कड्याकड्यांचा एक गोळा. तो गोळा म्हणजे दर्यावर्दी लोकांचं आकाश मोजायचं यंत्र, पोर्तुगीजांनी ते चिन्हच करून टाकलेलं. बहुतेक जण त्याच्या खालून रील काढत जातात, वर बघत नाहीत. पुढे दर्या दरवाजाच्या बाजूला सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा, किल्ल्यातला सगळ्यात ओळखीचा. आत गोल जिना आहे, अरुंद, काळोखी, पायऱ्या झिजलेल्या. उघडा असला आणि गुडघे बरे असले तरच चढा, आणि वर कोणी असेल तर खाली थांबा, मधे दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. मग जेझुइट पंथाच्या पाद्र्यांचं चर्च, त्याची दर्शनी भिंत खांबांसकट उभी आहे आणि आज ते संत गोन्सालो गार्सियांच्या नावाने ओळखलं जातं. हे गोन्सालो वसईतच जन्मलेले, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर गेले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. वसईच्या माणसाचं नाव जपानच्या इतिहासात आहे हे मला तिशी उलटल्यावर कळलं, शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांचं चर्च, सेंट अँथनीचं. तिथे कोणी फारसं थांबत नाही कारण वरून बघण्यासारखं काही नाही, बघायचं ते पायाखाली आहे. जमिनीत कबरींच्या लाद्या बसवल्यात, त्यावर पोर्तुगीज अक्षरं. पहिल्यांदा मला नुसते ओरखडे दिसले होते. गिरीजच्या मैत्रिणीने पाण्याची बाटली काढली आणि एका लादीवर थोडं पाणी ओतून हाताने पसरवलं, धूळ खाचांमधे बसली आणि अक्षरं एकेक करून वर आली, मोठी मोठी, एकमेकांत अडकवलेली, जागा वाचवायला एका अक्षराच्या पोटात दुसरं. "सेपुल्तुरा" हा शब्द शोधा, म्हणजे कबर, त्याच्यापुढे माणसाचं नाव येतं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर तिरपं ऊन असतं तेव्हा पाणीही लागत नाही. खडूने घासू नका, नखाने खरवडू नका, आणि त्या लादीवर उभं राहून प्रीवेडिंग करू नका प्लीज, कोणाची तरी कबर आहे ती.

लढाईचं थोडक्यात. वसईची मोहीम १७३७ ला सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये संपली. तट तोफांना दाद देईना म्हणून मराठ्यांनी सुरुंग लावले, सेबास्टियन बुरुजाला खिंडार पडलं आणि मग पोर्तुगीजांनी तह केला, त्यांना सन्मानाने बाहेर जाऊ दिलं. नंतर गावाचं नाव बाजीपूर ठेवलं होतं, ते काही टिकलं नाही. आणि त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून पेशवाईची मान त्यांच्या हातात दिली. अख्खी मुंबई थर्टीफर्स्टला वसईच्या रिसॉर्टमध्ये असते तेव्हा हे कोणाला आठवत नाही, आठवावं असंही नाही म्हणा, पार्टीचा मूड जाईल.

किल्ल्यात खायला-प्यायला फारसं काही नाही, पाणी दोन बाटल्या माणशी न्या. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं पण गवत कंबरेइतकं वाढतं, सापाकिरड्याची भीती असते, बंद बूट हवेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे मध्ये दहानंतर किल्ल्यात थांबणं म्हणजे शिक्षा, फायदा एकच, रस्त्यात ताडगोळे मिळतात.

किल्ला झाला की लगेच परत फिरू नका, किल्लाबंदर आणि पाचूबंदर हे कोळीवाडे अगदी लागून आहेत. पाचूबंदरला किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या असतात आणि त्यावर बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले, लांबून वाटतं चांदीच्या झालरी लावल्यात, जवळ गेलं की वास सांगतो काय आहे ते. खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला असतो, तो ओलांडताना पायाखाली बघा. आमच्यातल्या एकाने फोटोसाठी मागे जाता जाता त्यावर पाय दिला होता आणि जी बोलणी खाल्ली ती आम्हाला सगळ्यांना पाठ आहेत. फोटो काढायचा तर आधी "मावशी, काढू का?" विचारा, बहुतेक वेळा हो म्हणतात आणि वर विचारतात किती घेणार. सुकी मासळी घ्यायची तर मे महिन्यात आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधी जा, जूनपासून मासेमारी बंद असते, तेव्हा जे घ्याल ते गेल्या हंगामातलं. ट्रेनमधून आणताना दोन पिशव्या आणि त्यावर एक डबा, नाहीतर लेडीज डब्यात तुमच्याशी कोणी बोलणार नाही. मी अनुभवाने सांगतेय.

दुपारी वाड्यांकडे. गिरीज, रानगाव, भुईगाव, नंदाखाल, कुठलंही एक गाव धरा आणि चाला, इथे बघण्याचा पॉइंट असा काही नाही, रस्ताच बघायचा. दोन्ही बाजूंना केळी, सुपारी, पानवेली, मोगरा, अबोली, मधे विहीर, आणि घराच्या ओट्यावर क्रूस किंवा तुळस, काही गल्ल्यांत एकाआड एक. इथले सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी लोक, घरात कादोडी बोलतात, ती मराठीच पण पहिल्यांदा ऐकली तर दोन शब्द कळतात आणि तिसरा निसटतो. म्हाताऱ्या बायका अजून लाल चौकड्यांचं लुगडं नेसतात. चर्चमधे मिस्सा मराठीत, गाणी मराठीत. २०२० ला उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच भागातले, नंदाखालचे, आणि वाड्या-विहिरी वाचवायची हरित वसईची चळवळ उभी राहिली त्यात ते पुढे होते. पाण्याच्या टँकर माफियांविरुद्ध उभं राहणं म्हणजे काय ते वसईत कोणालाही विचारा, तास जाईल.

नाताळात गेलात तर सगळ्यात बेस्ट. संध्याकाळी गावागावात कंदील, आणि प्रत्येक वळणावर गव्हाणीचे देखावे, पोरांनी महिनाभर राबून केलेले, त्यात खरं पाणी, खरं गवत, कधी चालणारी रेल्वे पण. आमच्या गणपतीच्या डेकोरेशनचाच उत्साह. आत बोलावलं तर नाही म्हणू नका. मैत्रिणीच्या आईने, काकूंनी, पहिल्याच वर्षी मला दारातच विचारलं, "जेवून आलीस का?" मी भीडेने हो म्हटलं. "मग परत जेव," म्हणाल्या आणि इंदल नावाचं कालवण आणि तांदळाची भाकर पुढे ठेवली. आंबट-तिखट, डोळ्यात पाणी येईपर्यंत. तेव्हापासून मी वसईला जेवून जात नाही.

बीच म्हणाल तर सुरुची बागेचा, सुरूच्या झाडांमुळे सावली तरी आहे. भुईगाव शांत. राजोडी, कळंब रविवारी विसरा, रिसॉर्टवाली गर्दी. पोहायला कुठेच उतरू नका, नुसतं बसा.

आता दुसरी खेप. नालासोपारा स्टेशनला वेस्टला उतरून रिक्षावाल्याला "बौद्ध स्तूप" सांगा, जुनी माणसं त्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात. पोचल्यावर पहिली प्रतिक्रिया "एवढंच?" अशी होते, हे आधीच सांगते. विटांचा एक ढिगारा, भोवती झाडं, पलीकडे इमारती. म्हणूनच म्हटलं आधी म्युझियम करा. या ढिगाऱ्याच्या पोटातून ती दगडी पेटी निघाली, इथल्या बंदरातून रोमपर्यंत व्यापार चालायचा, आणि बौद्ध परंपरेप्रमाणे पूर्ण नावाच्या इथल्या व्यापाऱ्याने बुद्धालाच आपल्या गावी बोलावलं होतं. अर्धा तास शांत बसा, सकाळी लवकर गेलात तर एखाददुसरा माणूस ध्यानाला बसलेला असतो, आवाज करू नका. मग जवळच चक्रेश्वराचं तळं आणि देऊळ, तिथे ब्रह्मदेवाची उभी मूर्ती आहे, ब्रह्मदेवाच्या मूर्ती तशा कमीच बघायला मिळतात, त्यामुळे दहा मिनिटं काढाच.

तिथून निर्मळ. मोठं तळं, टेकाडावर शंकराचार्यांची समाधी मानतात ते देऊळ, आणि कार्तिक वद्य एकादशीपासून जी जत्रा भरते तिला हिंदू ख्रिस्ती सगळे जातात. जत्रेत गेलात तर गाडी घेऊन जायचा विचारही करू नका. जत्रा नसताना तळ्याकाठी बसून डबा खायला ही जागा सुंदर, मी नेहमी इथेच खाते.

शेवटी अर्नाळा. बस किंवा रिक्षाने किनाऱ्यावर, आणि तिथून छोट्या बोटीने किल्ल्याच्या बेटावर. बोट पाच-दहा मिनिटांची आहे पण चढताना आणि उतरताना पाण्यात उतरावंच लागतं, कधी घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत, ते भरतीवर. माझी एक चप्पल तिथे समुद्राने नेली आणि पुढचा सगळा किल्ला मी एका पायात चप्पल आणि एका पायात मैत्रिणीचा रुमाल अशी फिरले. तर पट्ट्याच्या सँडल घाला, पँट दुमडता येईल अशी, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत. किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला, दरवाज्यावर बाजीरावाच्या नावाचा शिलालेख आहे आणि बाजूला वाघ-हत्ती कोरलेत. आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ, त्यापुढे अष्टकोनी तळं, आणि मधल्या मोकळ्या जागेत चक्क शेती, भाजी लावलेली असते. तटावरून पूर्ण चक्कर मारता येते, संध्याकाळी समुद्राचा वारा एवढा की टोपी धरून चालावं लागतं. मुख्य किल्ल्यापासून सुटा असा एक गोल बुरुज दक्षिणेला किनाऱ्यावर आहे, तो बघायला लोक विसरतात. शेवटची बोट किती वाजता ते जाताना नावाड्यालाच विचारून घ्या, येताना नाही. पावसाळ्यात जाऊच नका.

तुंगारेश्वर हा वेगळाच प्रकार. हायवेच्या पूर्वेला अभयारण्य आहे, साधारण ८५ चौरस किलोमीटरचं. गेटपासून शंकराच्या देवळापर्यंत ओढ्याच्या कडेने तीन-चार किलोमीटर चालत जायचं, मधे ओढा दोन-तीनदा ओलांडावा लागतो. पावसाळ्यात धबधब्यांसाठी मुंबई तिकडे लोटते आणि अपघात झाले की बंदी येते, त्यामुळे जुलै-ऑगस्टला निघायच्या आधी बंदी आहे का ते बघाच. मी सप्टेंबर संपता संपता जाते, पाणी असतं, गर्दी नसते, फुलपाखरं भरपूर. जळवा नसल्या तरी डास आहेत. गाडी असेल तर तसंच पुढे वज्रेश्वरी गाव करता येतं, किल्ल्यातलं देऊळ वेगळं, हे वसई घेतल्यावर चिमाजीअप्पांनी नवस फेडायला बांधलेलं देऊळ, शेजारी अकलोलीची आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. वसईपासून तीसेक किलोमीटर, पायऱ्या चढायच्या आहेत, म्हाताऱ्या माणसांना कुंडाचं आकर्षण जास्त. सासूबाई तिथून निघायलाच तयार नव्हत्या.

राहिली खरेदी. वसईहून सुकेळी आणायची, बाकी काही नाही आणलं तरी चालेल. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, रोज उलटायची, रात्री आत घ्यायची, आणि शेवटी सुक्या केळीच्या पानात घट्ट गुंडाळून जुड्या बांधतात. ऊन कमी पडलं तर माल गेला, म्हणून पावसाळ्यात विचारू नका. आता करणारी घरं फार थोडी उरलीत, त्यामुळे स्वस्त नसतात, आणि स्वस्त मिळाली तर संशय घ्या. चांगलं सुकेळं मधासारख्या रंगाचं, दाबलं तर मऊ, बोटाला किंचित चिकटतं. काळं पडलेलं आणि खडखडीत असेल तर परत द्या. पानासकट हवाबंद डब्यात ठेवायचं, फ्रीजमध्ये नको, कडक होतं. आणि येताना ट्रेनमध्ये पुडी उघडू नका, मी एकदा नायगावला उघडली, मीरा रोडपर्यंत शेजारच्या बायकांनी कुठून घेतली कशी दिली विचारता विचारता निम्मी संपवली, घरी आईला दोनच दाखवता आली.